वळिवड्याच्या चुली, लालिशच्या गाठी

दिवाळी उरकली की शहागडच्या गोदावरी पुलावरून ऊसतोडीची वाहनं दक्षिणेकडं लागतात. अंबड, घनसावंगी, गेवराई भागातली बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं ट्रॉलीत. गाठोडी, पत्र्याच्या पेट्या, एखादी शेळी, तान्ही पोरं. त्यांतली काही थेट कोल्हापूर जिल्ह्यात पोचतात, पंचगंगेच्या खोऱ्यातल्या उसाशेजारी कोप्या घालतात आणि उन्हाळा तापेपर्यंत तिथंच राहतात. हा रस्ता आपल्या माणसांच्या पिढ्यांच्या ओळखीचा आहे. पण त्याच पंचगंगेच्या पट्ट्यात, कोल्हापूरपासून सात-आठ किलोमीटरवर, एके काळी जी बिऱ्हाडं उतरली होती ती सायबेरियाहून आली होती, हे सांगितलं तर किती जणांना खरं वाटेल?

१९४३ ते १९४८ या काळात वळिवडे गावाजवळ सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. त्यांच्या शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतं, नाटकं व्हायची, वाढदिवस साजरे व्हायचे. महायुद्ध पेटलेलं असताना, बंगालात दुष्काळानं माणसं मरत असताना, पोलंडमधलं एक अख्खं गावच जणू करवीर तालुक्याच्या काळ्या मातीत नांदत होतं.

मी या गोष्टीकडं वळलो तो यझिदींमुळं. हा इराकमधला एक लहान धर्मसमाज. देशाच्या उत्तरेला सिंजार नावाचा डोंगर आहे. तिथले यझिदी त्याला शिंगाल म्हणतात. ३ ऑगस्ट २०१४ ला ‘इस्लामिक स्टेट’च्या टोळ्या या डोंगराच्या पायथ्याच्या गावांवर तुटून पडल्या. पुरुषांना आणि म्हाताऱ्या बायकांना मारलं, सहा हजारांहून अधिक बायका-मुलांना पळवून नेलं, बायकांची बाजारात विक्री केली. हजारो माणसं ऑगस्टच्या उन्हात पाण्यावाचून डोंगरावर अडकली. सुमारे चार लाख लोक परागंदा झाले. जून २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगानं याला वंशसंहार म्हटलं. आपल्यावरच्या कत्तलींना यझिदी फर्मान म्हणतात, आणि २०१४ ची कत्तल त्यांच्या हिशेबात चौऱ्याहत्तरावी आहे. ज्या समाजानं आपल्या कत्तलींना क्रमांक दिलेत, तो समाज दर वेळी पुन्हा उभा कसा राहतो? डॉक्टर कुठून आणतो? आणि डॉक्टर नसतील तर काय करतो?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना वळिवडं पुन्हा पुन्हा आडवं येतं.

आधी ती माणसं इथवर आली कशी ते पाहू. सप्टेंबर १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिन या दोघांनी मिळून पोलंड वाटून घेतला. पूर्वेचा भाग सोव्हिएत रशियाच्या वाट्याला गेला. १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत पहिली धरपकड झाली. रात्री दार ठोठावायचं, आवराआवरीला जेमतेम वेळ द्यायचा आणि अख्खं कुटुंब गुरांच्या डब्यात कोंबायचं. जून १९४१ पर्यंत अशा चार लाटा झाल्या. लाखो माणसं सायबेरियात, अर्खांगेल्स्कच्या जंगलात, कझाकस्तानच्या माळांवर फेकली गेली. लाकूडतोड, उपासमार, टायफस. मग २२ जून १९४१ ला हिटलरनं रशियावरच चाल केली आणि फासा उलटला. स्टालिनला आता पोलिश सैनिक हवे होते. ३० जुलै १९४१ च्या करारानं कैद्यांची सुटका झाली, जनरल अँडर्स यांचं सैन्य उभं राहिलं आणि १९४२ मध्ये ते कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरलं. सैन्याच्या आडोशानं बायका-मुलंही निघाली. एकूण सुमारे १ लाख १५ हजार जण बाहेर पडले. जे मागं राहिले त्यांच्यासाठी हे दार लवकरच बंद झालं.

पुरुष लढायला गेले. त्यांतले कित्येक पुढं १९४४ मध्ये इटलीतल्या मोंते कासिनोच्या लढाईत पडले. बायका-मुलांचं काय करायचं? आफ्रिका, न्यूझीलंड, मेक्सिको असं वाटप झालं. भारतात नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडीला अनाथ मुलांसाठी छावणी काढली. ती गोष्ट आता बऱ्यापैकी प्रसिद्ध आहे, पोलंडमध्ये त्यांच्या नावाचा चौक आहे. तुलनेनं मोठी छावणी मात्र कोल्हापूर संस्थानात उभी राहिली. तेव्हा गादीवर बालराजा होते. छावणीचा कारभार लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारकडं होता, ब्रिटिश हिंदुस्थान सरकार देखरेख करत होतं. इराणहून कराचीला, कराचीहून पुढं कोल्हापूरकडं असा हा प्रवास, शेवटचा टप्पा रेल्वेचा. वळिवड्याचं छोटं स्टेशन मिरज-कोल्हापूर मार्गावर आजही आहे.

आता छावणी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? रांग. हातात ताटली घेऊन उभी राहिलेली माणसं, वर झारा घेतलेला कुणी तरी. वळिवड्यात याच्या उलट होतं, आणि मला वाटतं सगळ्या गोष्टीची मेख इथंच आहे. लांबलचक बराकींमध्ये कुटुंबागणिक खोल्या होत्या, पुढं व्हरांडा, स्वयंपाकाला वेगळी जागा. भत्ता हातात मिळायचा आणि बाजारहाट ज्याची त्यानं करायची. म्हणजे सायबेरियात दोन वर्षं मोजून मिळालेल्या पावावर, मग इराणात छावणीच्या जेवणावर जगलेली बाई इथं पहिल्यांदा आज काय शिजवायचं हे स्वतः ठरवत होती. बटाटे घ्यायचे की कोबी, भाजीवाल्याशी किती घासाघीस करायची, पोराला दुसऱ्यांदा वाढायचं की उद्यासाठी ठेवायचं. हे निर्णय इतके क्षुल्लक वाटतात की त्यांना उपचार म्हणायला जीभ धजत नाही. पण ज्याच्याकडून सगळे निर्णय हिसकावून घेतले गेलेत, त्याला पहिला निर्णय परत मिळतो तो असाच, चुलीपुढं.

१९४३ मध्ये ‘ट्रॉमा’ हा शब्द आजच्या अर्थानं कुणाच्या तोंडी नव्हता. मनाचे डॉक्टर छावणीत रांगा लावून बसले नव्हते. तरी पुढं शास्त्रानं जे शोधून काढलं त्यातलं बरंचसं तिथं घडत होतं. २००७ साली स्टीव्हन हॉबफॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं जगभरच्या तज्ज्ञांना बरोबर घेऊन एक निबंध लिहिला. युद्ध, दंगल, भूकंप यांतून गेलेल्या माणसांना सुरुवातीच्या काळात नेमकं काय लागतं, असा प्रश्न होता. उत्तरं पाच आली: आपण सुरक्षित आहोत असं वाटणं, अंगातला थरकाप ओसरणं, आपल्या हातून काही तरी होतं हा विश्वास, माणसांशी जोडलेलं असणं आणि पुढं काही चांगलं आहे ही आशा. गोळी, इंजेक्शन, समुपदेशकाची खोली यांचा त्या पाचांत उल्लेख नाही. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आणि इतर मदतसंस्थांच्या संयुक्त समितीनं मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातलं चित्र आपल्या घरातल्या उतरंडीसारखं आहे. सर्वांत खाली, सर्वांत मोठा घडा म्हणजे अन्न, निवारा, सुरक्षितता. त्यावर कुटुंब आणि समाजाचा आधार. त्यावर थोडं शिकलेल्या कार्यकर्त्यांची मदत. आणि अगदी वर, सर्वांत लहान, मनोविकारतज्ज्ञ. वरचं मडकं लागतंच. काहींना त्याच्याशिवाय तरणोपाय नसतो. पण खालचं फुटलं तर वरचं जागेवर राहत नाही.

वळिवड्यात शाळा ताबडतोब सुरू झाल्या. प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, हाताला काम शिकवणारी शाळा. पुस्तकं अपुरी, शिक्षक म्हणजे छावणीतलीच शिकलेली माणसं. तरी घंटा वाजायची, परीक्षा व्हायच्या, नापास होणारे नापास व्हायचे. (नापास होण्याचा हक्क हासुद्धा सामान्य आयुष्याचा भाग आहे, कीव करणारा मास्तर नापास करत नाही.) स्काउट आणि गाइडची पथकं तर फार जोरात होती. ती घडवण्यासाठी एक माणूस मुद्दाम आला होता, झ्जिस्वाफ पेश्कोव्स्की. हा पोलिश अधिकारी कोझेल्स्कच्या सोव्हिएत कैदेत होता. १९४० च्या वसंतात त्या आणि इतर सोव्हिएत कैदखान्यांतले सुमारे २२ हजार पोलिश अधिकारी व नागरिक गोळ्या घालून मारले गेले. कातीनचं हत्याकांड म्हणतात ते हेच. वाचले ते जेमतेम चारेकशे. पेश्कोव्स्की त्यांतले एक. असा माणूस कोल्हापूरच्या माळावर पोरांना तंबू ठोकायला, गाठी मारायला, शेकोटीभोवती गायला शिकवत होता. पुढं ते धर्मगुरू झाले आणि कातीनमध्ये मेलेल्यांच्या कुटुंबीयांना आधार देण्यात त्यांनी उरलेलं आयुष्य घालवलं. २००७ मध्ये वारले.

ज्याच्यावर घाला पडला त्यानंच दुसऱ्याला हात द्यायचा, हे सूत्र वळिवड्यात सगळीकडं दिसतं. नर्स छावणीतली, शिक्षिका छावणीतली, नाटक बसवणारा छावणीतला. बाहेरून आलेल्यांनी जागा आणि पैसा दिला. घर चालवलं ते घरच्यांनी.

एक छोटं वळण घेतो, कारण ते टाळवत नाही. त्या काळात भारतात वांदा दिनोव्स्का नावाची एक पोलिश बाई राहत होती. गांधीजींच्या परिघातली; तिचं भारतीय नाव उमादेवी. मोरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याबरोबर तिनं इंडो-पोलिश ग्रंथमाला चालवली. वळिवड्याच्या तरुण मुलामुलींशीही तिनं संबंध ठेवला. पुढं तिबेटी निर्वासित भारतात आले तेव्हा ही म्हातारी त्यांच्या मुलांमागं उभी राहिली. आणि हे फ्रीडमन कोण? औंध संस्थानात प्रजेच्या हाती कारभार देणारी घटना झाली तिच्या मागं खटपट करणारे, आणि मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं ‘आय ॲम दॅट’ या पुस्तकातून इंग्रजीत नेणारे. सांगली-साताऱ्याच्या कोपऱ्यात पोलंडचा एवढा धागा कसा गुंतला असेल, याचं मला आजही नवल वाटतं.

आता परत शिंगालकडे. यझिदींची गोष्ट वळिवड्याहून एका बाबतीत फार कठीण होती. पोलिश बाई छावणीत आली तेव्हा तिच्या समाजाचं दार तिच्यासाठी उघडंच होतं. यझिदी धर्म मात्र बंदिस्त आहे. बाहेरच्याला आत येता येत नाही, आतला बाहेर लग्न करून गेला की त्याला परत येता येत नाही. शेख, पीर, मुरीद असे जन्मानं ठरलेले तीन थर आहेत, थराबाहेरही लग्न नाही. अशा समाजातल्या हजारो मुलींना जबरदस्तीनं धर्म बदलायला लावला होता, विकलं होतं, त्यांच्यावर बलात्कार झाले होते. शतकानुशतकांच्या नियमानं पाहिलं तर त्या समाजाबाहेर गेल्या होत्या. त्या कैदेतून पळून आल्या की काय होणार, हा प्रश्न मारेकऱ्यांनाही ठाऊक होता. त्यांना तोडायचा होता तो मुली आणि समाज यांच्यातला नेमका हाच धागा.

इथं एका म्हाताऱ्या माणसानं जे केलं ते मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं. यझिदींचे सर्वोच्च धर्मगुरू, बाबा शेख खुर्तो हाजी इस्माईल यांनी २०१४ मध्येच आणि पुन्हा फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर केलं की परत आलेल्या बायका-मुली आपल्याच आहेत, त्यांचा मान राखा, त्यांना घरात घ्या. शेकडो वर्षांचा कडक नियम, आणि काही महिन्यांत तो बाजूला. कोणत्याही मदतसंस्थेला, कोणत्याही सरकारला हे जमलं नसतं. लाखो रुपयांचं समुपदेशन एकीकडं आणि ‘ही आमची लेक आहे’ हे एक वाक्य एकीकडं. बाबा शेख १ ऑक्टोबर २०२० ला वारले.

हा शब्द नुसता जाहीर करून ते थांबले नाहीत, त्याला विधीची जोड दिली. दुहोकजवळच्या दरीत लालिश हे यझिदींचं सर्वांत पवित्र ठिकाण आहे. तिथं सगळे अनवाणी चालतात, उंबऱ्यावर पाय न ठेवता तो ओलांडतात. मंदिरावर उंच, खाचाखाचांची शंकूसारखी शिखरं. आत एक झरा आहे, पांढरा झरा म्हणतात त्याला. यझिदी मुलाला आयुष्यात एकदा तिथलं पाणी डोक्यावर घेऊन दीक्षा मिळते. कैदेतून सुटून आलेल्या मुलींना हे पाणी पुन्हा दिलं गेलं. याच मंदिरात खांबांना रंगीत रेशमी कापडं गुंडाळलेली असतात आणि त्यांना असंख्य गाठी मारलेल्या असतात. येणारा माणूस आधी तिथली कुणाची तरी जुनी गाठ सोडवतो, म्हणजे त्या अनोळखी माणसाची इच्छा पुरी होते, आणि मग आपली गाठ मारतो. आपल्याकडं दर्ग्यात किंवा देवळात नवसाचा दोरा बांधतात, फेडतातही. पण आपला आपण. दुसऱ्याची गाठ सोडवल्याशिवाय आपली मारायची नाही, ही रीत मी दुसरीकडं कुठं वाचलेली नाही.

समाजानं उघडलेलं दार मात्र पूर्ण उघडलं नाही, हेही सांगायला हवं. बलात्कारातून जन्मलेल्या मुलांचं काय? एप्रिल २०१९ मध्ये यझिदी धर्मपरिषदेनं परतलेल्या सगळ्यांना मुलांसह स्वीकारू असं म्हणताच आशा वाढली; काही दिवसांतच खुलासा आला की त्यात ही मुलं नाहीत. इराकी कायदाही आडवा येतो, कारण बाप मुसलमान तर मूल मुसलमान नोंदलं जातं. कित्येक आयांपुढं मूल किंवा घर अशी निवड उरली. समाजाचा आधार म्हणजे सगळं गोड असतं असं जे मदतकार्याच्या अहवालांत लिहिलेलं असतं, त्यावर माझा विश्वास नाही. समाज सावरतो आणि समाजच हात आखडता घेतो. दोन्ही एकाच अंगणात.

पुढची मदत वेगवेगळ्या वाटांनी आली. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यानं २०१५-१६ मध्ये सुमारे १,१०० बायका-मुलांना विमानानं आपल्याकडं नेलं. पुढं २०१८ चं नोबेल शांतता पारितोषिक मिळालेली नादिया मुराद त्यांतलीच; ती कोचो गावची, जिथं १५ ऑगस्ट २०१४ ला गावचे पुरुष रांगेत उभे करून मारले. या कार्यक्रमामागचे मानसशास्त्रज्ञ यान इल्हान किझिल्हान स्वतः यझिदी कुटुंबातले. त्यांच्या लवकरच लक्षात आलं की विमानानं किती जणांना नेणार? तिथंच उपचार करणारी माणसं हवीत. म्हणून दुहोकच्या विद्यापीठात मानसोपचाराचं शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. छावणीतल्या मुलींशी त्यांच्याच कुर्मांजी बोलीत बोलणारे उपचारक तिथं तयार होऊ लागले. दुभाष्यामार्फत आपल्या अब्रूची कहाणी सांगावी लागली नाही की मुलगी निम्म्या वाटेत तरी पोचते.

गाणंही कामी आलं. यझिदींचा धर्म पुस्तकात कमी आणि गळ्यात जास्त. कव्वाल नावाचे पिढीजात गायक डफ आणि बासरीवर त्यांची स्तोत्रं गातात. छावण्यांमध्ये सुटून आलेल्या मुलींना डफ वाजवायला आणि जुनी गाणी म्हणायला शिकवलं गेलं, आणि त्यांचं वृंदगान २०२० च्या सुरुवातीला इंग्लंडपर्यंत जाऊन आलं. ज्या धर्मासाठी त्यांना विकलं, त्याच धर्माचं गाणं त्यांनी भर सभेत म्हटलं.

कायदाही झाला. १ मार्च २०२१ ला इराकच्या संसदेनं यझिदी पीडितांचा कायदा मंजूर केला. दरमहा भत्ता, घरासाठी भूखंड, शिक्षण, सरकारी नोकऱ्यांत २ टक्के जागा. तुर्कमेन, ख्रिस्ती आणि शबक समाजाच्या पीडित बायकाही त्यात येतात. कागदावर उत्तम. अंमलात मात्र अर्ज, पुरावे, पोलीस तक्रार यांचं जंजाळ, आणि ज्या बाईची ओळखपत्रंच जाळली गेली तिनं कुठला कागद कुठून आणायचा? नोव्हेंबर २०२१ मध्ये फ्रँकफर्टच्या न्यायालयानं ‘इस्लामिक स्टेट’च्या एका माणसाला यझिदींच्या वंशसंहारासाठी दोषी ठरवलं, असा निकाल जगात पहिलाच. अडीच हजारांच्या वर बायका-मुलं अजून बेपत्ता आहेत, आणि दहा वर्षं उलटून गेल्यावरही लाखाहून अधिक यझिदी छावण्यांतच आहेत.

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल तर मराठवाड्यातच या. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गाव दमून झोपलेलं. किल्लारीच्या भूकंपानं लातूर-उस्मानाबादची गावं दगडमातीच्या ढिगात गाडली. हजारोंनी माणसं मेली, ५२ गावं उचलून नव्या जागी वसवावी लागली. घरबांधणी, दुरुस्ती यांसाठी जागतिक बँकेच्या मदतीनं मोठा कार्यक्रम आखला गेला. इंजिनिअर होते, पैसा होता, पण गावात विचारायचं कुणाला? तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमण्याचा मार्ग काढला. हजाराहून अधिक गावांत या बायका सिमेंट कुठं अडलं, हप्ता का थकला, भिंतीत बांधपट्टा घातला की नाही हे पाहत हिंडल्या. या बायकाही त्याच भूकंपातून गेलेल्या होत्या. आणि २६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका कच्छमध्ये गेल्या, तिथल्या बायकांपुढं बसल्या आणि आमचं असं झालं होतं, आम्ही असं केलं, हे सांगू लागल्या. मराठी आणि कच्छी, भाषा धड जुळत नव्हती. तरी त्या बोलण्याला जे वजन होतं ते कुठल्या पदवीला येणार नाही.

विदर्भातही असाच एक मोजून पाहिलेला दाखला आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यात, अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांतल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम चालला. गावातल्याच माणसांना थोडं प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघरी उदासीविषयी बोलायचं, गरज पडली तर डॉक्टरकडं न्यायचं. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. २०१७ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त छापून आले. शेजारीण दारात येऊन विचारते तेव्हा वेड्याचा डॉक्टर ही भीती मधून निघून जाते, एवढंच त्याचं गुपित.

वळिवड्याची छावणी कायमची नव्हती. युद्ध संपलं, पण यालटाच्या वाटाघाटीत पूर्व पोलंड रशियाकडंच राहिला. घर होतं ते आता दुसऱ्या देशात. १९४६ मध्ये बालाचडीची मुलंही वळिवड्यात आली. १९४८ पर्यंत सगळे पांगले: इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका, थोडे पोलंडला. काही जण कोल्हापुरातच मातीआड झाले. पण पांगलेले विसरले नाहीत. लंडनमध्ये त्यांनी आपली संघटना काढली, म्हातारपणी कोल्हापूरच्या वाऱ्या केल्या, महावीर उद्यानात स्मारक उभारलं. वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथं पुष्पचक्र वाहिलं.

आणि रिकाम्या झालेल्या बराकी? त्या रिकाम्या राहिल्याच नाहीत. फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं तिथं राहायला आली. एका उखडलेल्या समाजानं सोडलेल्या खोल्यांत दुसऱ्या उखडलेल्या समाजानं चूल मांडली, दुकानं टाकली, आणि त्या वस्तीचं गांधीनगर झालं.

इथं एक गोष्ट मला खटकते, ती लिहून टाकतो. ऐन महायुद्धात परक्या देशाच्या पाच हजार माणसांसाठी याच पंचगंगेकाठी स्वतंत्र खोल्या, चुली, शाळा आणि दवाखाना होऊ शकला. आज त्याच भागात आपल्या जालना-बीडची बिऱ्हाडं पाच-सहा महिने उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, पहाटे चारला फड, पोरं कोपीत किंवा उसाच्या सरीत. या पोरांसाठी साखरशाळा काही ठिकाणी निघाल्या, कित्येक बंद पडल्या. गावात मागं राहणाऱ्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली आहे, ती चांगली आहे, आणि ती पुरत नाही. ऊसतोड हा काही वंशसंहार नव्हे. पण घर सोडून माळावर राहणाऱ्या माणसाला काय लागतं, याची यादी आपल्याच राज्यात १९४३ पासून तयार पडलेली आहे.

आता गांधीनगर म्हणजे कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ. लग्नाचा बस्ता बांधायला लांबलांबून लोक तिथं येतात, आपल्या भागातलेही. कधी गेलात तर तासभर जास्तीचा हाताशी ठेवा. सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवड्यात पोलिश निर्वासितांच्या आठवणीचा स्तंभ उभारला आहे, तो पाहा. मग कोल्हापुरात महावीर उद्यानातलं स्मारकही पाहून या. मुलं बरोबर असतील तर सायबेरिया ते वळिवडे हा रस्ता त्यांना नकाशावर बोटानं दाखवा.